बोट ट्रेलरवर सरळ बसवणारे गाईड पोल: सात महिन्यांनंतर, एक यू-बोल्ट तुटल्यावर

मागच्या रविवारी हतनूर धरणाच्या बॅकवॉटरमधून बोट या हंगामात शेवटची वर काढली आणि उजवीकडचा गाईड पोल, म्हणजे बोट मधोमध यावी म्हणून ट्रेलरच्या मागे दोन्ही बाजूंना उभे असतात त्यातला एक खांब, लोंबकळतच पाण्याबाहेर आला. तो ट्रेलरला आवळून धरणारा एक यू-बोल्ट आट्यांपाशी तुटला होता, दुसरा गंजून नटासकट एक झाला होता. दिवाळीनंतर जोडी लावली, म्हणजे जेमतेम सात महिने. हे आधीच लिहायचं होतं, पण आता राग आहे तोवर लिहून टाकतो.

बोट 14 फुटी, फायबरची, बुड व्ही आकाराचं. ट्रेलर आमच्या भुसावळच्याच फॅब्रिकेटरने बनवलेला, 50 बाय 50 च्या बॉक्स पाइपचा. बोट मी आणि चुलतभाऊ मिळून वापरतो. पावसाळा लागला की हतनूरचे 41 दरवाजे कधी उघडतील याचा नेम नसतो, म्हणून जूनमध्ये बोट घरी येते. एरवी महिन्यातून चार-पाच वेळा ती पाण्यात घालणं आणि काढणं होतंच. काढताना ती दर वेळी तीन-चार बोटं उजवीकडे बसायची. ऐकायला किरकोळ वाटेल. पण तेवढ्याने सगळा भार एका टायरवर येतो, सुरत-नागपूर महामार्गावरच्या प्रत्येक खड्ड्यात ट्रेलर एका अंगाला झुकतो आणि मडगार्ड बोटीला घासतं. उजवा टायर एका कडेने पार गुळगुळीत झाला, तेव्हा ऑनलाइन 4,850 रुपयांना ही जोडी मागवली.

पहिल्या दोन महिन्यांत मी हिची एवढी स्तुती केली की घरचे कंटाळले. खरा फायदा मला वाटला होता तिथे निघालाच नाही. रिकामा ट्रेलर पाण्यात गेला की पिकअपच्या आरशात काहीच दिसत नाही. भाऊ स्टिअरिंगवर आणि मी पाण्यातून ओरडतोय, असं चालायचं. आता दोन पांढरे खांब आरशात उभे दिसतात. त्यावरून ट्रेलर कुठे वळतोय ते कळतं आणि रिव्हर्स एका दमात होतो. नुसत्या यासाठीही पैसे वसूल, असं मी तेव्हा म्हणत होतो.

पण बोट तरीही कधीकधी वाकडीच बसायची. दत्तजयंतीच्या यात्रेआधी सारंगखेड्याला तापीत बोट नेली होती. आडवा वारा होता. तीन वेळा प्रयत्न केला, तिन्ही वेळा बोटीची मागची बाजू पोलला टेकून तिरकी खाली बसली. काठावर जाळं विणत बसलेले एक भोई आबा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "गाडी इतली बुडाडू नको भाऊ, नाव आपोआप बसी जाई."

आम्ही पिकअप चारेक फूट पुढे घेतली. ज्या लाकडी पट्ट्यांवर बोट बसते, त्यांचा पुढचा तिसरा हिस्सा पाण्याबाहेर ठेवला आणि पट्ट्यांवरचं कार्पेट आधी भिजवून घेतलं. बोटीचं टोक पट्ट्यांमध्ये शिरताच बुडाची मधली धार जागेवर पकडली गेली, वाऱ्याला हलवायला उरलं ते फक्त मागचं टोक. तेवढं सांभाळायला पोल पुरे पडले. बोट वर ओढायचा विंच फिरवायला जरा जास्त जोर लागला, बाकी काही नाही. ट्रेलर जास्त बुडाला की बोट पट्ट्यांवर टेकतच नाही, तरंगत राहते आणि वारा नेईल तिकडे जाते. आम्ही दोन वर्षं चाकं पूर्ण बुडेपर्यंत मागे जायचो आणि दोष ट्रेलर बनवणाऱ्याला द्यायचो. त्याची मी नंतर जाऊन माफी मागितली.

म्हणून आधीचं मत बदलतो. बोट सरळ बसते ती खोलीमुळे. पोल दिशा दाखवतात आणि मागची बाजू आवरतात, एवढंच त्यांचं काम.

तरी उजवीकडे झुकण्याचं कोडं पूर्ण सुटलं नव्हतं. हतनूरला पाणी उतरलं की गाळ उघडा पडतो आणि आम्ही जिथून उतरतो तो काठ एका बाजूला कलता आहे. मार्चमध्ये गवंड्याची लेव्हल पट्टी ट्रेलरच्या आडव्या पाइपवर ठेवून पाहिली. उजवं चाक चांगलंच खाली होतं. पाण्यावर बोट समपातळीत तरंगते, ट्रेलर मात्र कललेला. वर ओढताना बोट आधी उंच बाजूच्या पट्टीला टेकते आणि घसरत खालच्या बाजूला जाऊन बसते. पोल कितीही भक्कम असो, तिथे त्याला सगळं वजन पेलावं लागतं. माझे यू-बोल्ट बहुधा तिथेच कमजोर झाले. आता वीस पावलं पलीकडून, जिथे मुरूम आहे आणि जमीन सपाट आहे, तिथून उतरतो. बोट मधोमध बसते.

तरीही यू-बोल्टबद्दल माफी नाही. 4,850 रुपयांच्या वस्तूत यू-बोल्टवर नुसती पातळ चकचकीत प्लेटिंग आणि साधे नट! महामार्गाच्या हादऱ्यांनी ते दर फेरीला ढिले व्हायचे. सतरा नंबरचा पाना मी कायमचा डॅशबोर्डवर ठेवला होता. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "पाण्याच्या संपर्कामुळे आलेला गंज वॉरंटीत येत नाही." पाण्यात बुडवण्यासाठीच विकलेल्या वस्तूबद्दल हे उत्तर! चार वेळा फोन केला, चार वेळा तेच वाक्य ऐकलं. पाचव्यांदा केला नाही. शेवटी भुसावळच्या हार्डवेअरमधून गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेले) यू-बोल्ट आणि हादऱ्यांनी ढिले न होणारे नायलॉक नट आणले. दोन्ही बाजूंचे मिळून 360 रुपये झाले. हे त्यांनी आधीच दिले असते तर काय बिघडलं असतं?

पाइपचंही तेच. लोखंडी सांगाड्यावर चढवायला सोबत आलेला पांढरा पाइप मेच्या उन्हात वरून पिवळा पडला आणि टोपणापाशी तडकला. जळगाव जिल्ह्यात राहून पाइपसाठी कुरिअरचे पैसे भरले, हे मला सगळ्यात जास्त लागलं. इथे 40 मिमी, 6 किलो दाबाचा पीव्हीसी पाइप कुठल्याही शेतीच्या दुकानात मिळतो. 6 मीटरच्या एका लांबीत दोन्ही पोल होऊन तुकडा उरतो. सांगाड्याच्या एक इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपवर तो जरा सैल बसतो आणि बोट टेकली की गोल फिरतो. त्यामुळे फायबरला ओरखडा येत नाही. विकतचा पाइप स्क्रूने घट्ट केलेला होता, त्याने बोटीचा रंग घासला होता.

आता नवीन घेणाऱ्यांना सांगायचं तर आयती जोडी घेऊ नका. फॅब्रिकेटरकडून जीआयचे दोन एल आकाराचे तुकडे वेल्ड करून घ्या, वर आपला पाइप चढवा. माझी जोडी मी काढणार नाही, कारण लोखंडी सांगाडा अजून ठणठणीत आहे. पावसाळ्यात त्याला रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा रंग, मारून ठेवतो. आणि दोन्ही पाइपांवर, ट्रेलर योग्य खोलीवर असताना पाणी जिथवर येतं तिथे, लाल टेप गुंडाळतो, म्हणजे भावाला आरशातूनच कळेल कुठे थांबायचं.