सिरॅमिक कोटिंगच्या नावाखाली ३०,०९० रुपये

पाडव्याला नवी गाडी घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा, मग शोरूमची पायरी चढा. गाडीची किंमत वेगळी, रजिस्ट्रेशन वेगळं, विमा वेगळा. त्याशिवाय 'प्रोटेक्शन पॅकेज' म्हणून माझ्याकडून ३०,०९० रुपये काढले. हिशेब देतो: सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा पातळ संरक्षक थर) १८,५००, अंडरबॉडी कोटिंग (गाडीच्या खालच्या पत्र्याला लेप) ४,५००, सीटांना कसलीशी जंतुनाशक ट्रीटमेंट २,५००. झाले २५,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी ४,५९०. सरकारचा वाटा मात्र चोख भरला गेला असावा, निदान बिलावर तरी.

शोरूमचं नाव लिहीत नाही. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे आणि वकिलांनी तोंड बंद ठेवायला सांगितलंय.

आपल्या कोकणातल्या माणसाला हे पॅकेज विकणं फार सोपं असतं, कारण आपलं दुखणं त्यांना पाठ आहे. "सर, घर समुद्रापासून किती लांब?" हा शोरूममधल्या विक्रेत्या पोराचा पहिला प्रश्न. दीड किलोमीटर म्हटलं आणि तिथेच सापडलो. मग खारं वारं झालं, चार महिन्यांचा पाऊस झाला, जांभ्याची लाल धूळ झाली, फणसाचा चीक झाला, महामार्गाच्या कामावरची उडणारी खडी झाली. यातलं खोटं काय होतं सांगा? आमच्या फाटकाच्या बिजागऱ्या गंजून गळून पडतात. शेजाऱ्यांच्या जुन्या गाडीच्या दाराखालचा पत्रा बोटाने दाबला तर भुगा होतो. हे रोज डोळ्यांनी बघणारा माणूस 'नको' कसा म्हणेल? मी अडाणी नाही, बँकेत उभी हयात गेली, लोकांची कर्जाची कागदपत्रं मीच तपासायचो. त्यामुळे 'तुम्हाला एवढं कळलं नाही?' हे मला आता घरीदारी ऐकावं लागतं, ते वेगळंच.

टेबलावर त्यांनी बॉनेटचा एक सुटा तुकडा ठेवला होता, अर्धा कोटिंग केलेला, अर्धा साधा. स्प्रेने पाणी मारलं. एका बाजूला पाणी पसरलं, दुसऱ्या बाजूला टपोरे थेंब होऊन घरंगळलं. बायको हरखली. हे लक्षात ठेवा: ताजं वॅक्स मारलेल्या कुठल्याही पत्र्यावर पाण्याचे असेच थेंब होतात. आठवडा-दोन आठवड्यांच्या वॅक्सवरही होतात. थेंब दिसले म्हणजे सिरॅमिक आहे असं अजिबात नाही. मग 'नऊ एच'चा मारा सुरू झाला, हिऱ्याच्या खालोखाल कडक वगैरे. नऊ एच ही पेन्सिलच्या शिशाची कडकपणाची श्रेणी आहे. त्या शिशाने ओरखडा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. खडीला त्याचं काय? खरं सिरॅमिक कोटिंग सिलिकॉन डायऑक्साइडचं असतं, असतं ते चांगलंच, पण त्याची जाडी साधारण एक-दोन मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कंपनीतून येणारा वरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तोच चाळीसेक मायक्रॉन असतो. दगड त्यातून आरपार जातो, तो एका मायक्रॉनला घाबरेल होय? खडीपासून वाचवते ती जाड पारदर्शक फिल्म, पीपीएफ. तिचा खर्चही वेगळा आणि धंदाही वेगळा.

आणि ज्यांना अजून 'टेफ्लॉन कोटिंग' विकलं जातंय त्यांच्यासाठी एवढंच: तव्यावर टेफ्लॉन बसवायला तीनशे अंशांच्या वर तापवावं लागतं. तुमची गाडी कोणी भट्टीत घातली होती का, विचारा.

मी सुरुवातीला म्हटलं होतं, फक्त अंडरबॉडी करा, बाकी नको. तेव्हा मॅनेजर स्वतः आला. म्हणाला, काका, पॅकेज सोडून बुकिंग घेतलं तर पाडव्याची डिलिव्हरी कठीण, स्टॉक कमी आहे. आईचं वय ऐंशीच्या पुढे, तिला पाडव्यालाच गाडी दारात हवी होती. तुम्ही काय केलं असतंत? हो म्हटलं आणि यूपीआयने पैसे भरले. असं एका वस्तूच्या गळ्यात दुसरी बांधून विकणं कायद्यात बसत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ त्याला प्रतिबंधात्मक व्यापार प्रथा म्हणतो. हे मला नंतर कळलं. मॅनेजरला नक्की आधीपासून माहीत असणार.

आता पाडव्याच्या दिवसाचं. हे जरा सविस्तर लिहितो, कारण रात्री झोप उडते ती याच्यामुळे.

अकराच्या सुमाराला पोहोचलो तेव्हा गाडी मागच्या यार्डात उन्हात उभी होती. सीटांवर प्लास्टिक, टपावर आणि बॉनेटवर वाहतुकीची पांढरी फिल्म, अंगावर बोटभर धूळ. म्हणजे कोटिंग झालेलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, आता घेतोय, तोवर तुम्ही नाश्ता करा. यार्डात तशाच पाच-सहा गाड्या रांगेत. एक पोरगा, हातात पिवळं फडकं, पायाशी प्लास्टिकची बाटली. बाटलीवर लेबल नव्हतं. तो गोल गोल हात फिरवत एका गाडीवरून दुसरीवर जात होता. दीडच्या आत 'कोटिंग झालं' असा निरोप आला. मग पूजेसाठी गाडी चकाचक हवी म्हणून त्याच पोराने पाइप लावून ती धुतली.

धुतली! खऱ्या कोटिंगला आधी गाडी नीट धुवून, मातीसारख्या क्ले बारने घासून, पॉलिश करून, तेलकटपणा पुसून काढावा लागतो. मग छोट्याशा बाटलीतून, साधारण ३० किंवा ५० मिलीची असते, थेंब थेंब घेऊन एकेक पत्रा करतात. सावलीत, बंद जागेत. आणि त्यानंतर निदान एक दिवस तरी पाणी लागू द्यायचं नसतं. नवी गाडी असली तरी हे दीड-दोन दिवसांचं काम. मी हे सगळं डोळ्यांदेखत बघत होतो. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली, तिच्यासोबत फोटो काढायची घाई, मुहूर्त टळेल म्हणून भटजींचे फोन, आईला उन्हात बसवलेलं. त्या गडबडीत बाटलीच्या लेबलाकडे कोण बघतं? पण टपाच्या कडेला फिल्मच्या गोंदाची चिकट रेघ तशीच होती, तिच्यावर माझं बोट चिकटलं होतं, आणि मी ते रुमालाला पुसलं. हे मात्र आठवतं आणि अंगाचा तिळपापड होतो. गोंद निघालेला नाही तर कोटिंग कशावर केलं?

मी विचारलंच नाही असंही नाही. "एवढ्या लवकर?" म्हटलं. तर मॅनेजरने रंगाची जाडी मोजायचं मीटर आणून बॉनेटला लावलं. ११८ आकडा आला. "बघा काका, ११८ मायक्रॉन!" मी निमूट सही केली. ११८ हा कारखान्यातून आलेल्या रंगाचाच आकडा आहे. सगळे थर मिळून नव्या गाडीला साधारण एवढाच येतो. एक मायक्रॉनचं कोटिंग त्या मीटरला धड कळतही नाही. मीटर दाखवला की समजा, पुढचा माणूस तुम्हाला गप्प करतोय.

त्या सहीबद्दल: डिलिव्हरीला जी 'समाधान पावती' पुढे करतात, तिच्यावर 'कोटिंग तपासले नाही' असं हाताने लिहिल्याशिवाय सही करू नका. आता ती पावती प्रत्येक ठिकाणी माझ्याच तोंडावर मारली जाते.

पाऊस सुरू झाला आणि पंधरवड्यात थेंब गायब. पाणी साध्या पत्र्यासारखं पसरायला लागलं. कावळ्याच्या विष्ठेचा डाग बॉनेटवर कोरल्यासारखा बसला. भाच्याच्या ओळखीने कुडाळकडच्या एका जुन्या कलरवाल्याला गाडी दाखवली. त्याने बॉनेट बघितलंही नाही. मागच्या दारावरच्या नावाच्या अक्षरांच्या फटीत काडी घातली, पांढरी वाळलेली पूड निघाली. "काकानू, ह्यां कोटिंग नाय, नुसतां पॉलिश मारल्यानी." वॅक्स-पॉलिश सुकलं की असं पांढरं होऊन फटीत, रबराच्या कडेला अडकतं. सिरॅमिक असं पांढरं होत नाही. तुमच्या गाडीची अक्षरं आजच तपासा.

मग गाडी वर उचलली. अंडरबॉडीच्या नावाखाली काळं डांबरी रबर धुळीवरच फवारलेलं होतं, नखाने सोलून निघत होतं. सायलेन्सरवरही उडालेलं. सुरुवातीचे दिवस गाडीत जळका वास यायचा तो यामुळे, आणि शोरूमने सांगितलं होतं 'नवी गाडी आहे, येतोच'. सगळ्यात वाईट म्हणजे दाराखालच्या पट्टीची पाणी निचरायची भोकं त्या काळ्या लेपाने बुजली होती. कलरवाल्याने तारेने एक भोक मोकळं केलं तर आतून तांबूस पाणी बदाबदा आलं. गंज लागू नये म्हणून ५,३१० रुपये देऊन मी गंजाची सोय करून घेतली होती. नव्या गाड्यांना कारखान्यातच खालून संरक्षक लेप असतो. वरून करायचंच असेल तर नंतर, खात्रीच्या माणसाकडे, कोरड्या दिवसांत करा, आणि भोकं उघडी आहेत ना ते वाकून बघा.

वॉरंटी कार्डाची तर मजाच. पुढे सोनेरी अक्षरांत ४ वर्षं. मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत काय वगळलंय: पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, क्षारयुक्त पाणी आणि 'किनारपट्टीची खारी हवा'. मग उरलं काय? शिवाय दर सहा महिन्यांनी १,७७० रुपये भरून त्यांच्याकडेच तपासणी, एक चुकली की वॉरंटी रद्द. बॅच नंबरची जागा कोरी. बिलावर तर सिरॅमिक हा शब्दच नाही, 'कार केअर ट्रीटमेंट' एवढंच. म्हणून सांगतो, बिलावर उत्पादनाचं नाव आणि बॅच नंबर लिहून घ्या, सीलबंद बाटली तुमच्यासमोर फोडायला लावा, रिकामी बाटली घरी न्या. लाज वाटू देऊ नका.

मॅनेजर म्हणाला, तुम्ही पार्किंग झाडाखाली करता. गाडीच्या कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला. आधी तक्रार क्रमांक, मग शांतता, मग 'हे डीलरचं स्वतंत्र उत्पादन आहे, आमचा संबंध नाही'. पण कंपनीच्या बोर्डाखाली, कंपनीच्या गणवेशातल्या माणसाने विकलं त्याचं काय? त्यावर पुन्हा गाणं ऐकत थांबायचं. पोलिसांकडे गेलो. तिथल्या साहेबांनी चहा पाजला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, ही दिवाणी बाब आहे. अर्जाची पोच मागितली तर ज्याच्याकडे शिक्का होता तो माणूस जेवायला गेलेला. आरटीओत सांगितलं, आम्ही नोंदणी बघतो, पॉलिश नाही. बरोबरच आहे, पण मग बघतं कोण? जो तो दुसऱ्या दाराकडे बोट दाखवतो, आणि दोन दारांच्या मध्ये आपला दिवस, पेट्रोल आणि रक्तदाब जातो. उन्हातान्हात झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून तेच बिल पुन्हा छापायचं, पुन्हा सही करायची, पुन्हा 'मूळ प्रत कुठाय'. एका ठिकाणी तर मलाच विचारलं, एवढ्या पैशांसाठी कशाला पळता? पगार घेऊन बसलेल्या माणसाला हे विचारायला काय जातं!

ग्राहक आयोगात तक्रार ऑनलाइन करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते, शोरूम दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी. मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून नोंद करून ठेवा, कागद तयार होतो. पण तक्रार गेली म्हणजे न्याय मिळाला असं समजू नका. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, चाचणीची गरज असेल तर पाच. प्रत्यक्षात समोरचा वकील मुदत मागतो आणि तारीख पुढे जाते. कोटिंग नाही हे सिद्ध करा म्हणतात. कलरवाल्याची काडी आणि पांढरी पूड पुरावा म्हणून चालत नाही, अहवाल हवा. वकिलांची फी १५,०००. स्वतः बाजू मांडता येते, पण तारखेला जाण्यायेण्यात दिवस मोडतो. शोरूमवाल्यांना हे गणित माहीत आहे, म्हणून ते नोटिशीला उत्तरसुद्धा देत नव्हते.

गाडीचं म्हणाल तर किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने खालून-वरून धुतो, दोन-तीन महिन्यांनी डब्यातलं साधं वॅक्स स्वतः लावतो, विष्ठा दिसली की लगेच ओल्या फडक्याने भिजवून उचलतो. पाण्याचे थेंब अगदी त्या टेबलावरच्या तुकड्यासारखे होतात.

त्याच पाडव्याला त्या यार्डात उभ्या असलेल्या गाड्यांपैकी दोघांचा पत्ता लागलाय. कार्डं तंतोतंत तीच, बॅच नंबर कोरे. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ खाली आयोगाच्या परवानगीने सारखीच तक्रार असलेल्यांना एकत्र दावा लावता येतो, त्याचा अर्ज करतोय. तुमच्याकडेही सोनेरी अक्षरांचं चार वर्षांचं कार्ड असेल आणि मागच्या बाजूला खारी हवा वगळलेली असेल, तर त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो, बिल आणि पैसे भरल्याचा यूपीआय क्रमांक आजच जपून ठेवा. डिलिव्हरीच्या दिवशीचे फोटोही पुसू नका. माझ्या मेव्हण्याने काढलेल्या व्हिडिओत तो पोरगा पाइपाने गाडी धुताना वेळेसकट दिसतोय, आणि समोरच्या वकिलाने आतापर्यंत तडजोडीचा विषय काढला तो फक्त त्या व्हिडिओनंतर.