पारसिकवर पहाटे यागी की दुपारी तार?

थंडी पडली की हॅम रेडिओचा (हौशी बिनतारी संवादाचा) नवा कॉलसाइन, म्हणजे परवान्याची ओळखखूण, मिळालेले हमखास विचारतात, डोंगरावर काय नेऊ? हँडी (हातातला छोटा रेडिओ) आणि हातात धरायची यागी (एका दिशेला रोखायची अँटेना), की एचएफचा (दूरवर जाणाऱ्या लघुलहरींचा) सेट आणि तारेची अँटेना? बेलापूरच्या पारसिक टेकडीवर माझं दोन्ही करून झालंय.

यागीचं सामान एका पिशवीत मावतं. पाच वॉटची हँडी, आणि पीव्हीसी पाइपवर मेजरिंग टेपच्या स्टील पट्ट्या आवळून केलेली तीन एलिमेंटची यागी. पट्ट्या झुडपात अडकल्या तरी वाकून पुन्हा सरळ होतात. रिपीटरसाठी (सिग्नल पकडून पुन्हा दूरवर पाठवणाऱ्या केंद्रासाठी) त्या उभ्या धरायच्या. आडव्या धरल्या की सिग्नल पडलाच. टू मीटरवर, म्हणजे हँडीच्या बँडवर, सगळा खेळ उंचीचा. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून 4.12 ने गुणा: 100 मीटरवरून साधारण 41 किलोमीटरचा पल्ला. थंडीच्या पहाटे मात्र हे गणित चुकतं, आणि खरी मजा तिथेच आहे. रात्रभर जमीन गार होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं. ठाणे खाडीवर धुरक्याचा थर सुरीने कापल्यासारखा सपाट दिसतो ना, तो त्या झाकणाखाली कोंडलेला असतो. तिथेच लहरी खाली वळतात आणि एरवी कधीच न लागणारा लांबचा रिपीटर शेजारच्या इमारतीतून बोलल्यासारखा येतो. ऊन चढून धुरकं विरलं की तोही गेला. म्हणजे साडेसहाला वर हवंच. आठला घर सोडणाऱ्याने यागीचा नाद सोडावा. आणि हो, मोबाइल टॉवरच्या पायथ्याशी उभं राहू नका, स्वस्त हँडी तिथे बहिरी होते.

एचएफला ही घाई नाही. 20 मीटर बँडच्या डायपोलला (मधोमध जोडलेल्या दोन सरळ तारांच्या अँटेनाला) जेमतेम 10 मीटर तार लागते. मध्ये फायबरची काठी, टोकं झुडपांना. इथे उंचीपेक्षा शांतता कामी येते. घरी एलईडी, चार्जर, इन्व्हर्टर यांच्या गोंगाटात दुबळा सिग्नल बुडतो, तो वर ऐकू येतो. हिवाळ्यात आसपास विजा नसल्याने 40 मीटर बँडवरची कडकडही कमी. अडचण वजनाची. 100 वॉटचा सेट पूर्ण ताकदीने बोलताना 20 अँपिअरच्या आसपास ओढतो. 7 अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी त्यापुढे लगेच मान टाकते. 10 वॉटवर ठेवा, दुपार निघते.

तार लोकांच्या डोळ्यावर येते, हेही धरून चाला. संक्रांतीच्या सुमारास एका काकांनी मला विचारलं होतं, ‘‘पतंग अडकलाय का?’’ दुसऱ्या एकांचा पाय दोरीत गुंतला, तेव्हापासून दोरीला लाल चिंध्या बांधतो. लायसन्सची प्रत खिशात असतेच.

सोसायटी गच्चीवर अँटेना लावू देत नसेल तर तारच घ्या, एचएफची भूक घरी भागणार नाही. बाकीच्यांनी आधी यागी करावी. खर्च किरकोळ, फसली तरी टेप वाया गेली एवढंच. लॉगमध्ये (संपर्कांच्या नोंदवहीत) वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहा: पहाटे साडेसहा म्हणजे 01:00. पहिल्या दिवशी मी नेमकं तेच विसरलो होतो.