डिस्कवर छापायचंय: नवा एपसन, जुना एपसन की जुना कॅनन?

डिस्कवर थेट छापणारा प्रिंटर विचारला की दुकानदार आधी रिझोल्यूशन सांगतो, मग पानांचा वेग, मग वाय-फाय. सीडी-डीव्हीडीच्या कामात या तिन्हींनी फारसा फरक पडत नाही. आधी विचारायचं ते हे: या मॉडेलला डिस्कचा ट्रे (डिस्क बसवून आत सरकवायची सपाट पट्टी) आहे का, आणि तो खोक्यातच मिळतो का?

ट्रेवर एवढा जोर देण्याचं कारण यंत्रात आहे. डिस्क १.२ मिलिमीटर जाडीची असते आणि वाकत नाही. साध्या प्रिंटरमध्ये कागद खालून किंवा मागून येतो आणि रोलरवरून वळतो. डिस्कला सरळ, सपाट वाट लागते आणि हेडखाली, म्हणजे शाई फवारणाऱ्या भागाखाली, तेवढी जागाही लागते. ही सोय कारखान्यातच करावी लागते. ट्रे बाजारातून आणून कुठल्याही प्रिंटरमध्ये सरकवला तर काम होत नाही, उलट हेड घासलं जाण्याची भीती असते.

या एका अटीवर बाजार भराभर रिकामा होतो. कॅननच्या जी मालिकेतले टाकीवाले (काट्रिजऐवजी बाटलीतली शाई टाकीत भरायचे) प्रिंटर, एचपीचे स्मार्ट टँक, ब्रदरची टी मालिका, एपसनचेच एल३२५० सारखे घरगुती ऑल-इन-वन, हे सगळे कागदाच्या कामाला चांगले आहेत, पण डिस्क घेत नाहीत. आपल्याकडे स्वस्त प्रिंटर म्हणून सर्रास खपतात ते हेच. त्यामुळे ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ इथे थोडा सैल धरावा लागतो.

माझ्या मते आपल्याकडच्या ग्राहकासमोर तीनच खरे पर्याय उरतात: नवा एपसन एल८०५०, वापरलेला एपसन एल८०५ आणि वापरलेला कॅनन पिक्स्मा आयपी७२७०.

नवा एल८०५० की जुना एल८०५

डिस्क मागे पडत चालल्या असताना कंपनीनं असा प्रिंटर नव्यानं का काढावा, असा प्रश्न पडतो. मला त्याचं उत्तर ओळखपत्रांत दिसतं. डिस्कच्या सपाट वाटेनं प्लॅस्टिकचं पीव्हीसी कार्डही जातं. शाळेची आय-कार्डं, सोसायटीचे पास, मंडळाच्या कार्यकर्त्यांचे बिल्ले छापणारी दुकानं एल८०० आणि एल८०५ मध्ये बाहेरून घेतलेले कार्डांचे ट्रे घालून वर्षानुवर्षं हे काम करत होती. एल८०५० मध्ये कंपनीनं कार्ड छपाई अधिकृत केली आणि त्याच वाटेवर डिस्कही टिकली. म्हणजे एल८०५० घेणारा मुख्यतः कार्डांसाठी पैसे मोजतो आणि डिस्कची सोय त्यासोबत येते. तुमच्याकडे कार्डांचं किंवा फोटोंचं काम असेल तर हा सौदा चांगला. फक्त डिस्क छापायच्या असतील तर वीस ते तीस हजारांच्या पट्ट्यातली ही किंमत जड वाटणारच.

छपाईच्या दर्जात दोघांत निवड करण्याइतका फरक मला दिसत नाही. दोन्हीत सहा रंग आहेत: काळा, निळा, गुलाबी, पिवळा आणि त्यातल्या निळ्या-गुलाबीच्या फिक्या छटा. लग्नाच्या डिस्कवर वधूवरांचे चेहरे छापायचे असतील तर या फिक्या छटा कामी येतात, कारण त्वचेवर ठिपके दिसत नाहीत. नुसतं नाव, तारीख आणि बोधचिन्ह छापणाऱ्याला चार रंगही पुरतात. दोन्हींची शाई डाय प्रकारची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची आहे आणि डिस्कच्या पांढऱ्या थरात ती छान मुरते.

खरा फरक वयाचा आहे. एल८०५ आता जुनाच मिळतो आणि जुन्या टाकीवाल्या एपसनमध्ये दोन दुखणी हमखास तपासावीत. एक म्हणजे सुकलेलं हेड. प्रिंटर महिनोन्‌महिने बंद पडून राहिला की नोझल (हेडमधली शाईची बारीक छिद्रं) बुजतात, आणि या प्रिंटरचं हेड काढून धुणं हे घरचं काम नाही. दुसरं म्हणजे वेस्ट पॅड. हेड क्लीनिंग केलं की शाई आतल्या पॅडमध्ये जिरते. ठरावीक मर्यादा गाठली की प्रिंटर छापणंच थांबवतो. गल्लीबोळात याला ‘रिसेट मारून देतो’ असं म्हणतात. रिसेटनं फक्त मोजणी शून्यावर येते, पॅडमधली शाई जिथल्या तिथेच राहते. पॅड बदलल्याशिवाय केलेला रिसेट म्हणजे काही महिन्यांनी टेबलावर शाई सांडण्याची सोय.

म्हणून जुन्या एल८०५ साठी माझी अट अशी: विकणाऱ्याकडे मूळ ट्रे हवा, समोर नोझल चेक (सगळी छिद्रं चालू आहेत का हे दाखवणारं चाचणीचं पान) काढून दाखवायला हवं आणि आपण सोबत नेलेली एक प्रिंटेबल डिस्क त्यावर छापून मिळायला हवी. नोझल चेकच्या जाळीत दोन-चार रेघा तुटलेल्या दिसल्या तर किंमत कमी करून घेता येते. एखादा अख्खा रंगच गायब असेल तर मात्र तो नादच सोडावा.

कॅनन आयपी७२७०

हा २०१२च्या सुमाराचा प्रिंटर, पण डिस्कच्या कामाला आजही लायक. घरातल्या टेबलावर सहज मावतो. त्याच्या ट्रेवर ‘जे’ हे इंग्रजी अक्षर छापलेलं असतं. जुना घेताना ते पाहून घ्या, कारण कॅननच्या दुसऱ्या पिढीतला वेगळ्या अक्षराचा ट्रे इथे चालेलच असं नाही. ट्रेवर चमकणारे छोटे परावर्तक असतात आणि प्रिंटर त्यांवरून ट्रे ओळखतो. त्यांवर शाई किंवा धूळ बसली की ‘ट्रे लावलेला नाही’ अशी तक्रार सुरू होते. मऊ कापडानं पुसलं की बहुतेक वेळा काम भागतं.

कॅननचं मोठं सुख म्हणजे हेड हातानं काढता येतं. सुकलं तर बाहेर काढून स्वच्छ करण्याचा एक प्रयत्न घरी करता येतो, आणि नवं हेड मिळालं तर बदलताही येतं. (अर्थात नव्या हेडची किंमत ऐकली की जुना प्रिंटर फुकट पडला असता तरी महाग वाटतो.)

दु:ख शाईचं आहे. पीजीआय-७५० आणि सीएलआय-७५१ अशी पाच काट्रिजं त्याला लागतात. त्यातली मोठी काळी साध्या कागदावरच्या मजकुरासाठी. डिस्कचं काम उरलेली चार करतात. साध्या रंगीत काट्रिजमध्ये ७ मिलीच्या आसपास शाई, तर एपसनच्या बाटलीत ७० मिली. वर्षाला पन्नास-साठ डिस्क छापणाऱ्याला हे अंतर जाणवणार नाही. महिन्याला तेवढ्या छापणारा मात्र काट्रिजच्या दुकानाचं कायमचं गिऱ्हाईक होईल, किंवा लोकल शाई भरून रंगांचा भरवसा गमावेल.

शाईचा हिशेब

डिस्कचं छापण्याजोगं वर्तुळ बाहेरून सुमारे ११८ मिमी आणि आतून २३ मिमी धरलं तर क्षेत्रफळ होतं साधारण १०५ चौरस सेंटिमीटर. ४ बाय ६ इंचाच्या फोटोचं होतं १५५. म्हणजे पूर्ण भरलेल्या एका डिस्कला अशा फोटोच्या दोन-तृतीयांश शाई लागते. एल८०५च्या सहा बाटल्यांत असे १८०० फोटो निघतात असं एपसन सांगते, त्यावरून अडीच हजारांच्या आसपास डिस्क व्हायला हव्यात. प्रत्यक्षात एवढ्या होणार नाहीत, कारण सुरुवातीला नळ्या भरण्यात आणि पुढे क्लीनिंगमध्ये शाई जाते. तरी खर्चाचा अंदाज येतो: टाकीवाल्या प्रिंटरवर शाईपेक्षा कोऱ्या डिस्कचीच किंमत जास्त भरते.

त्यामुळे शाईत दोन पैसे वाचवण्यापेक्षा डिस्क नीट निवडणं महत्त्वाचं. कंपनीचं नाव छापलेल्या चकचकीत साध्या डिस्कवर इंकजेटची शाई थेंबाथेंबानं गोळा होते आणि बोट लागताच निघते. वेष्टनावर ‘इंकजेट प्रिंटेबल’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं. त्यातही मधल्या कड्यापर्यंत पांढऱ्या असलेल्या आणि मधे रुंद चंदेरी कडं सोडलेल्या असे दोन प्रकार मिळतात. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये आतला व्यास त्याप्रमाणे बदलला नाही तर शाई थेट प्लॅस्टिकवर जाते आणि ट्रेही बरबटतो. एकेकाळी नोएडाच्या मोझर बेअरच्या डिस्क आपल्याकडे गल्लोगल्ली मिळायच्या. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अवसायनात गेली. सोनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये रेकॉर्डेबल ब्लू-रे बनवणं थांबवलं. प्रिंटर घेण्याआधी आपल्या गावात किंवा ऑनलाइन चांगली प्रिंटेबल डिस्क सातत्यानं मिळते का, हे बघून ठेवलेलं बरं.

आधी डेटा लिहा, मग छापा. उलट केलं तर हाताळताना पडलेले बोटांचे डाग आणि धूळ लिहिण्यात अडथळा आणतात. छापल्यावर डिस्क एकावर एक रचू नका, दिवसभर मोकळ्या वाळू द्या. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात त्याहूनही जास्त वेळ द्यावा लागतो. डाय शाई ओल्या हाताला लागते, म्हणून जलरोधक थराच्या प्रिंटेबल डिस्क मिळाल्या तर चार पैसे जास्त गेले तरी घ्याव्यात.

मराठी मजकुरासाठी एक सल्ला. प्रिंटरसोबत येणाऱ्या डिस्क छपाईच्या प्रोग्राममध्ये देवनागरी टाईप करत बसू नका. कोरलड्रॉ किंवा तुमच्या हाताला बसलेल्या दुसऱ्या कुठल्याही प्रोग्राममध्ये १२ सेंमीच्या चौरसात मजकूर मांडा, ३०० डीपीआयला (म्हणजे सुमारे १४१७ बाय १४१७ पिक्सेल) चित्र बनवा आणि ते पार्श्वभूमी म्हणून टाका. जोडाक्षरांचं काय होईल ही चिंताच उरत नाही. पहिली छपाई वाया गेलेल्या डिस्कवर करा. मध्य थोडा सरकलेला दिसला तर सेटिंगमध्ये मिलिमीटरच्या हिशेबानं तो सरकवता येतो.

प्रिंटर न घेण्याचा पर्याय

गोल स्टिकर चिकटवण्याचा मार्ग सर्वांत स्वस्त दिसतो आणि सर्वांत जास्त त्रास देतो. स्टिकर जरा तिरका बसला तरी वेगानं फिरणारी डिस्क थरथरते. गाडीतल्या फटीवजा प्लेअरमध्ये स्टिकरची कड सुटली तर डिस्क आतच अडकते. लेझर प्रिंटरमध्ये अख्खी डिस्क घालण्याचं धाडस तर कुणीच करू नये.

पेन मात्र कमी लेखू नये. कोर्टात पुराव्यासाठी दिलेल्या सीडीला पूर्वी भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र लागायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. अशा सीडीवर प्रकरण क्रमांक आणि तारीख वाचता आली की झालं, तिथे रंगीत छपाई कुणी मागत नाही. पेन पाण्यावर आधारित शाईचं आणि मऊ टोकाचं हवं. सीडीत माहितीचा थर लेबलाच्या अगदी खाली असतो, ओरखडा तिथूनच आत जातो. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मधे असल्यानं जरा सुरक्षित.

वर्षाकाठी शंभराच्या आत डिस्क असतील, म्हणजे शाळेचं एक स्नेहसंमेलन, भजनी मंडळाचा एखादा संच, तर मी प्रिंटर घेणार नाही. ज्याच्याकडे आहे त्याला दर डिस्कमागे पैसे देईन, किंवा चालू स्थितीतला आयपी७२७० अगदी कमी भावात मिळाला तरच घेईन. महिन्याला पन्नास ते दोनशे डिस्क आणि जोडीला फोटो किंवा आय-कार्डं असतील तर एल८०५०, यात मला शंका नाही. तेवढ्याच डिस्क असून दुसरं काहीच काम नसेल तर नीट तपासलेला एल८०५. आणि आठवड्यातून एकदा तरी दोन्हींवर सगळे रंग लागतील असं एक पान काढायचं, काम असो वा नसो.

सीटी-एमआरआय केंद्रांसारखं रोज वीस-पंचवीस डिस्कचं काम असेल तर यातला एकही घेऊ नका. ट्रे काढा, डिस्क बसवा, ट्रे घाला यातच एक माणूस अडकतो. त्या कामाला एपसनच्या डिस्कप्रोड्यूसर पीपी-१०० सारखी यंत्रं आहेत. ती शंभर डिस्क पोटात ठेवून आपणच लिहितात आणि छापतात. त्यांची किंमत ‘परवडणारा’ या शब्दाच्या पलीकडची आहे.

अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी माणसाला हीच खरेदी करायची असेल तर तिथे एपसनचा टाकीवाला ईटी-८५०० पाहावा. त्याला डिस्कची सोय आहे, सोबत स्कॅनरही. कार्यक्रमांच्या डिस्क काढणाऱ्या महाराष्ट्र मंडळानं तो सामाईक घेतला तर आणखी सोपं.