घरी जोडलेल्या व्हॉल्व्ह प्रीअँपचे व्हॉल्यूम कंट्रोल आणि स्विच बदलले: पावसाळा उलटल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, मग तपशील. प्रीअँपमध्ये (सीडी, ट्यूनर यांतला एक निवडून त्याचा आवाज कमीजास्त करून पॉवर अँपला देणारा डबा) बदल करायचा म्हटलं की सगळे आधी व्हॉल्यूमचं पॉट (फिरवता येणारा रेझिस्टन्स) बदलायला धावतात. माझ्या अनुभवात क्रम उलटा निघाला. सगळ्यात जास्त फरक पडला तो इनपुट सिलेक्टरने (काय ऐकायचं ते निवडणारा स्विच), त्याखालोखाल गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, कमी केल्याने, आणि पॉटऐवजी लावलेला महागडा टप्प्याटप्प्याचा अॅटेन्युएटर तिसऱ्या नंबरावर राहिला. तो वाईट आहे असं नाही. पण ‘आवाजावरचा पडदा बाजूला झाला’ वगैरे जे लोक लिहितात, ते मला काही ऐकू आलं नाही.

माझा प्रीअँप साधा आहे. दर चॅनलला एक ईसीसी८२ (एकाच काचेत दोन व्हॉल्व्ह), त्यातला अर्धा व्हॉल्व्ह गेनला आणि अर्धा कॅथोड फॉलोअर म्हणून, म्हणजे गेन न देता फक्त आउटपुट चालवायला. एचटी, म्हणजे व्हॉल्व्हना लागणारा उच्च डीसी सप्लाय, अडीचशे व्होल्टच्या आसपास. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सुटा माल घेऊन जोडलेला, डब्यासकट. व्हॉल्यूमला १०० केचं (के म्हणजे हजार ओहम) दुहेरी कार्बन पॉट, सिलेक्टरला प्लास्टिकचा रोटरी स्विच आणि मेन्सला टॉगल. फेरफार मे महिन्यात केले. त्यानंतर ठाण्याचा अख्खा पावसाळा, ऑक्टोबरचा उकाडा आणि थंडी एवढं त्यावरून गेलं, म्हणून आता लिहितोय. नवा माल पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच गोड वाजतो.

जुन्या पॉटची तक्रार खरखरीची नव्हती, डाव्या-उजव्याची होती. आवाज बारीक केला की गाणारा डावीकडे सरकायचा. हे तपासायला जुनी मोनो नाट्यगीतं उत्तम. त्यात आवाज नेमका मध्यावरच यायला हवा, दुसरीकडे जायला त्याला जागाच नाही. मीटरवर पाहायचं असेल तर मोबाइलमधून २०० हर्ट्झचा टोन सोडा आणि दोन्ही चॅनलचे एसी व्होल्ट मोजा. एक हजाराचा टोन नको, कारण साध्या मल्टिमीटरची एसी रेंज वरच्या फ्रीक्वेन्सीला भरवशाची नसते. माझ्याकडे नॉब नेहमीच्या जागी असताना दोन बाजूंत तीन डेसिबेलच्या जवळपास फरक निघाला. वर चढवत नेलं की तो फरक जवळजवळ नाहीसा व्हायचा.

आता प्रश्न असा की नॉबची नेहमीची जागा एवढी खाली का? सीडी प्लेअर दोन व्होल्ट देतो. ईसीसी८२ चा गेन माझ्या सर्किटमध्ये चौदाच्या आसपास, म्हणजे पॉट पूर्ण उघडं असेल तर पुढे अठ्ठावीस व्होल्ट जातील. आणि पॉवर अँपला पूर्ण ताकदीला लागतो एक व्होल्ट! म्हणजे सगळं आयुष्य नॉब साडेसात-आठ वाजताच्या कोपऱ्यात, जिथे कार्बनच्या दोन पट्ट्या एकमेकींशी सगळ्यात कमी जुळतात. हजारो रुपयांचं पॉट घातलं तरी त्याला त्याच कोपऱ्यात राबवायचं, हे काही पटेना.

म्हणून आधी गेन उतरवला. कॅथोडचा बायपास कंडेन्सर (कॅथोडच्या रेझिस्टन्सला समांतर असतो तो) काढला की चौदाचा गेन साडेनऊवर येतो, म्हणजे साडेतीन डेसिबेल कमी. उरलेलं काम व्हॉल्यूमच्या आधी लावलेल्या एका रेझिस्टन्सने केलं: १०० के फिक्स, आणि त्यानंतर २५ केचा अॅटेन्युएटर. पाचपट घट, म्हणजे चौदा डेसिबेल. आता पूर्ण उघडल्यावरही एकूण गेन जेमतेम दुप्पट आहे, आणि सीडीला तोसुद्धा जास्तच होतो. टेप किंवा फोनो (रेकॉर्ड प्लेअर) बारीक येतात, त्यांच्यासाठी वरचे टप्पे शिल्लक राहतात. हा बदल चहाच्या पैशात झाला. याच रेझिस्टन्समागे जुन्याच जातीचं पण २५ केचं पॉट घालून पाहिलं असतं, तरी निम्म्याहून जास्त फायदा मिळाला असता असं माझं मत आहे.

अॅटेन्युएटर स्वतः जोडला. चोवीस टप्प्यांचा दोन डेकचा (दर चॅनलला एक) स्विच, सोनेरी मुलाम्याच्या कॉन्टॅक्टचा, इकडे मिळाला नाही. बाहेरून मागवला आणि कस्टम्सची ड्युटी वेगळी भरली. दर चॅनलला तेवीस रेझिस्टन्स, एकाला एक जोडून साखळी. दोन डेसिबेलचे टप्पे धरले की वरचा पहिला येतो ५.१ केचा, आणि मग आकडे उतरत उतरत खाली चाळीसेक ओहमपर्यंत जातात. शेवटचा १६० ओहमचा जमिनीला, म्हणजे सर्किटच्या ग्राउंडला. सगळे एक टक्क्याचे मेटल फिल्म. डावा-उजवा जुळवायला प्रत्येक रेझिस्टन्स मीटरवर मोजत बसणारे लोक आहेत. मला ते हौसेचं काम वाटतं. एक टक्क्याची चूक म्हणजे ०.०९ डेसिबेलसुद्धा होत नाही. दोन्ही बाजू उलट्या दिशेने चुकल्या तरी ०.१७. पॉटचे तीन डेसिबेल कुठे आणि हे कुठे! मोजायचेच असतील तर मीटर स्वस्तातला असला तरी चालतो, कारण दोन्ही बाजू एकाच मीटरवर मोजल्या की त्याची चूक दोघांना सारखीच लागते.

टाके मारताना खरी कसोटी जागेची. कॉन्टॅक्टच्या पाकळ्या इतक्या जवळ की जाड बिटाचा सोल्डरिंग आयर्न आत शिरतच नाही. एक पाकळी दोनदा तापवली की खालचं प्लास्टिक मऊ पडतं आणि पाकळी तिरकी होते. म्हणून रेझिस्टन्सचे पाय आधी वाकवून, कापून, सगळे जागेवर बसवून घ्यायचे आणि मग एकेका पाकळीला एकदाच टाका द्यायचा. स्विच एका जागेवर ठेवून सलग टाके मारण्यापेक्षा दर चार टाक्यांनी एक टप्पा फिरवावा, म्हणजे एकच कॉन्टॅक्ट सारखा तापत नाही.

स्विच घेताना एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची: तो पुढचा कॉन्टॅक्ट पकडून मग मागचा सोडतो, की मागचा सोडून मग पुढचा पकडतो. व्हॉल्यूमला पहिला प्रकार हवा. दुसरा घातला तर दोन टप्प्यांच्या मध्ये व्हॉल्व्हची ग्रिड (सिग्नल आत घेणारं टोक) क्षणभर अधांतरी राहते आणि प्रत्येक टप्प्याला स्पीकरमधून ‘टप्’ येतं. सिलेक्टरला नेमकं उलट. तिथे पकडून सोडणारा घेतला तर फिरवताना सीडी आणि ट्यूनर क्षणभर एकमेकांच्या आउटपुटवर येऊन बसतात. दुकानदाराला विचारलं तर तो ‘चालतं सगळं’ म्हणतो. मीटरचा बझर लावून, हळू फिरवून, काउंटरवरच बघून घ्यावं. आणि प्रकार कोणताही असो, ग्रिडपाशी एक मेगाओहमचा रेझिस्टन्स जमिनीला द्यावाच. कॉन्टॅक्ट कधी रुसला तर तोच व्हॉल्व्हला सांभाळतो.

खरखरीबद्दलही सांगतो, कारण पॉट बदलण्याचं ते सगळ्यात सामान्य कारण. खरखर दोन तऱ्हेची असते. धुळीची असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की जाते. पण पंधरा दिवसांत परत आली तर बहुतेक वेळा पॉटच्या सरकत्या कॉन्टॅक्टवर डीसी येत असतो, मागच्या कंडेन्सरच्या गळतीने किंवा व्हॉल्व्हच्या ग्रिड करंटने. तिथे डीसी मिलिव्होल्ट मोजा. सापडले तर पॉट आणि ग्रिडच्या मध्ये ०.२२ मायक्रोफॅरडचा फिल्म कंडेन्सर घाला. एक मेगाचा रेझिस्टन्स मात्र त्याच्या ग्रिडकडच्या बाजूला ठेवा. जुनंच पॉट गप्प बसेल.

आता सिलेक्टर, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो. जुन्या रोटरी स्विचचे कॉन्टॅक्ट चांदीच्या मुलाम्याचे होते. आमच्या खाडीकाठच्या हवेत चांदीचं निरंजन आठवड्यात काळं पडतं, मग स्विच कसा वाचेल? स्पीकरच्या किंवा मेन्सच्या स्विचमधून भरपूर करंट जातो, त्याने काळा थर फुटतो तरी. लाइन लेव्हलच्या सिग्नलमध्ये तेवढा करंटच नसतो. त्यामुळे दर पावसाळ्यात एक चॅनल आधी पातळ व्हायचं, मग चरचरायचं, आणि नॉब दोन-चारदा मागेपुढे केला की परत यायचं. व्हॉल्व्ह गेला, कंडेन्सर गेला, असे सगळे संशय त्यावर घेऊन झालेले.

तो काढून सोनेरी कॉन्टॅक्टचे छोटे सिग्नल रिले (कॉइलला वीज दिली की चालणारे स्विच) लावले, दर इनपुटला एक, थेट मागच्या सॉकेटजवळ. पुढच्या पॅनेलवरचा रोटरी आता फक्त रिलेच्या कॉइलला पाच व्होल्ट देतो. पूर्वी शील्डेड वायर सॉकेटपासून पुढे पॅनेलपर्यंत आणि तिथून परत व्हॉल्व्हकडे यायची. ती लांबी निम्म्याहून कमी झाली, आणि ट्रान्स्फॉर्मरजवळून जाणारा तुकडा तर पूर्णच गेला. पॉवर अँप चालू ठेवून कान स्पीकरला लावला की जी बारीक घरघर यायची, ती ओसरली. रिले असा जोडलाय की बंद असलेला इनपुट जमिनीला टेकतो, त्यामुळे सीडी ऐकताना ट्यूनरची कुजबुज मागून येत नाही. अख्ख्या जून ते सप्टेंबरात एकदाही चॅनल गेलं नाही. या एका गोष्टीसाठी सगळा खटाटोप परत करीन.

रिलेचा सप्लाय व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरच्या ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगवरून घ्यायचा मोह होतो: ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड), कंडेन्सर, ७८०५ (पाच व्होल्टचा रेग्युलेटर), झालं. पण हीटरचा मध्य जमिनीला जोडलेला असेल (हम, म्हणजे मेन्सची घरघर, कमी ठेवायला तो बहुतेकांचा असतोच), तर ब्रिजच्या पुढचं ऋण टोक परत जमिनीला जोडता येत नाही. जोडलंत की डायोडमधून वाइंडिंग शॉर्ट होतं. छोटा वेगळा ट्रान्स्फॉर्मर घ्या. प्रत्येक कॉइलवर उलटा डायोड विसरू नका.

त्याच सप्लायवर आउटपुटला म्यूटचा रिले बसवला. पॉवर नसताना तो आउटपुट जमिनीला धरून ठेवतो, मधे एक केचा रेझिस्टन्स आहे. चालू केल्यावर चाळीसेक सेकंदांनी सोडतो. व्हॉल्व्ह तापेपर्यंत कपलिंग कंडेन्सर भरताना जो ढप्प आवाज वूफरला हाणायचा, तो बंद. बंद करताना रिले आधी पडतो, त्यामुळे जाता जाताची गुरगुरही नाही. बाबांना ती चाळीस सेकंदं जाणवतसुद्धा नाहीत, व्हॉल्व्हच्या रेडिओवर वाढलेला माणूस. लेक मात्र रोज विचारते, ‘बिघडलाय का?’

एचटीचा स्टँडबाय स्विच (हीटर चालू ठेवून फक्त एचटी तोडणारा) काढूनच टाकला. टॉगलवर २५० व्होल्ट लिहिलेलं असतं ते एसीसाठी. ५० हर्ट्झचा एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तेव्हा कॉन्टॅक्टमधली ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी लांबत जाते आणि कॉन्टॅक्ट खाते. एवढ्याशा व्हॉल्व्हना स्टँडबायची गरज नाही. ज्यांना हवाच असेल त्यांनी रेक्टिफायरच्या (एसीचा डीसी करणारा भाग) आधी, एसीच्या बाजूला घालावा. आणि डबा उघडण्याआधी एचटीच्या कंडेन्सरवर मीटर लावून बघा, प्रत्येक वेळी. माझ्याकडे त्यावर २२० केचा दोन वॉटचा ब्लीडर (बंद केल्यावर कंडेन्सर रिकामा करणारा रेझिस्टन्स) कायमचा आहे, तरी मी मीटर लावतोच.

तक्रारी आहेत. दोन डेसिबेलचा टप्पा दिवसा कळतही नाही, पण रात्री उशिरा हवा तो आवाज हमखास दोन टप्प्यांच्या मध्ये असतो. खालच्या भागात दीडचे टप्पे धरायला हवेत, असं आता वाटतं. मग एकूण पल्ला कमी होईल, पण गेन उतरवल्यावर एवढा पल्ला मला लागतही नाही. स्विच फिरायला जड आहे, साखरझोपेतल्या माणसाला ऐकू जाईल एवढा कट् कट् वाजतो. त्याचा दांडा सहा मिलिमीटरचा आणि माझा जुना पितळी नॉब पाव इंची, म्हणजे ६.३५, मधे पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवलाय, तरी किंचित हलतो. आणि रिमोट नाही, हे घरातल्यांचं म्हणणं.

पैशाचा हिशेब सरळ आहे. खर्चाचा मोठा वाटा स्विच आणि ड्युटी खाऊन गेली. रिले, डायोड, ट्रान्स्फॉर्मर मिळून त्याच्या एक तृतीयांशही नाहीत. बजेट तंग असेल तर रिले आणि गेनचं काम करा, व्हॉल्यूमला चांगल्या कंपनीचं दुहेरी पॉट लावा. ते ओळखीच्या दुकानातूनच घ्या, कारण आल्प्स कंपनीच्या त्या निळ्या चौकोनी पॉटच्या नकला बाजारात ढिगाने आहेत.

पहिल्या स्टेजला ईसीसी८३ असेल तर माझे आकडे जसेच्या तसे उचलू नका. त्याचा गेन साठच्या घरात, त्यामुळे अॅनोड (व्हॉल्व्हचं आउटपुटचं टोक) आणि ग्रिडमधली दीड-पावणेदोन पिकोफॅरडची कपॅसिटन्स ग्रिडवर शंभरासारखी वागते, वर वायरची भर. १०० केचं पॉट अर्ध्या व्होल्टेजला २५ केचा स्रोत होतं, आणि तिथे २० किलोहर्ट्झला अर्धा-पाऊण डेसिबेल सहज उतरतो. तिथे ५० के किंवा त्याहून कमी घ्या, आणि पॉट व्हॉल्व्हच्या अगदी पायाशी बसवून पुढे पॅनेलपर्यंत लांब दांडा काढा.