पद्मिनीची खटखट, शंभर ऑक्टेनचं पेट्रोल आणि वडाळ्याचं एक बिनपाटीचं गॅरेज

आधीच सांगतो, ह्या गॅरेजला नाव नाही, पाटी नाही. वडाळ्याला एका चाळीच्या मागे पत्र्याची शेड आहे आणि बाहेर एक-दोन जुन्या फियाट कायम उभ्या असतात. ते चालवणारे काका पूर्वी काळी-पिवळी टॅक्सीचीच कामं करायचे, २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हापासून आमच्यासारख्यांच्या घरगुती गाड्या बघतात. माझ्याकडून पाचपैकी पाच, आणि का ते जरा सविस्तर लिहितो कारण जुनी गाडी असलेल्या बऱ्याच जणांचे पैसे मी जिथे घालवले तिथेच जात असणार.

गाडी बाबांची, प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. दोन वर्षांपूर्वी डेल्कोचा शाफ्ट खूप हलायला लागला, नवीन कुठे मिळेना, मग सीएसटी रोडवर भंगारात गेलेल्या टॅक्सीचा डेल्को मिळाला तो बसवून घेतला. (डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर, प्रत्येक प्लगला वेळेवर ठिणगी पोचवणारा, पण गॅरेजात डिस्ट्रिब्युटर म्हणालात तर कोणी वर बघणार नाही.) त्यानंतर फ्लायओव्हर चढताना तिसऱ्या गिअरला पाय दाबला की इंजिनातून खटखट यायची, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी. घरचे चौघं बसलो की जास्तच.

तेव्हा घराजवळच्या एका गॅरेजवाल्याने काय केलं, डेल्को थोडा फिरवला, टायमिंग मागे घेतलं, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असं केलं, आणि खटखट गेली! मी खूश. पण आठवड्याभरात लक्षात आलं की गाडीचा जीवच गेलाय, पिकअप नाही, सायनच्या सिग्नलला पाच मिनिटं उभं राहिलं की टेम्परेचरचा काटा वर, आणि मायलेज सरळ बाराचं नऊवर आलं. परत गेलो तर म्हणे कार्ब्युरेटर साफ करू, मग म्हणे रेडिएटर, मग प्लग, हे सगळं झालं आणि फरक शून्य. मग एका मित्राने सांगितलं की जुन्या इंजिनाला शंभर ऑक्टेनचं पेट्रोल टाक, एकदम हलकी होते. दोन टाक्या टाकल्या. साध्या पेट्रोलपेक्षा कितीतरी महाग, आणि गाडी होती तशीच जड.

हे काकांना सांगितलं तर त्यांनी बॉनेट उघडायच्या आधीच विचारलं, "खटखट आता येते का?" म्हटलं नाही. "मग ऑक्टेन कशाला घेतलंत साहेब? ते खटखट थांबवायला असतं, ती तर आधीच थांबवलीये तुमची. आधी ठिणगी कधी पडतेय ते बघू."

इतकं सोपं मला कोणीच सांगितलं नव्हतं. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नाही. दाब आणि उष्णता वाढली तरी पेट्रोल ठिणगीच्या ज्योतीची वाट बघतं की स्वतःहूनच पेटतं, त्याचं ते माप. आपल्याकडचं साधं पेट्रोल पूर्वी ९१ चं असायचं, २० टक्के एथेनॉल आल्यापासून ९५ च्या आसपास, शंभरचं त्याहून वर. नव्या गाडीत नॉक सेन्सर असतो, तो खटखट ओळखतो, कॉम्प्युटर टायमिंग पुढेमागे करतो, त्यामुळे चांगलं पेट्रोल टाकलं तर काही इंजिनांना खरंच फायदा होतो. पद्मिनीत कॉम्प्युटर कुठला, तिथे पेट्रोल बदललं म्हणून टायमिंग आपोआप हलत नाही, डेल्को हातानेच फिरवावा लागतो, आणि ते हललं नाही तर वरच्या ऑक्टेनचे पैसे नुसतेच जळतात. शिवाय हिचं कॉम्प्रेशन आजच्या गाड्यांपेक्षा कमी, ९१ तिला पुरतं.

टायमिंगचं गणित त्यांनी पानपट्टीच्या कागदावर काढून दाखवलं ते मला फार आवडलं. मिश्रण पूर्ण जळायला समजा सेकंदाचा पाचशेवा भाग लागतो. आयडलला ८०० आरपीएमवर तेवढ्यात क्रँक (पिस्टनने फिरणारा इंजिनाचा दांडा) साधारण १० डिग्री फिरतो, ३००० वर ३६ डिग्री. प्रत्यक्षात आरपीएम वाढले की ज्योतही जोरात पसरते म्हणून आकडा थोडा कमी, पण मुद्दा तोच, पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी पडायला हवी आणि इंजिन जितकं जोरात तितकी लवकर. हे काम डेल्कोच्या आतली दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा करतात. ठिणगी फार लवकर पडली तर दाब चुकीच्या वेळी चढून खटखट होते, पिस्टनची वाट लागते. उशिरा पडली तर आवाज काहीच नाही म्हणून माणूस फसतो, पण जळणं लांबतं, उष्णता एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि पाण्यात जाते, चाकापर्यंत कमी पोचते. माझा वर चढणारा काटा हाच होता, रेडिएटर बिचारा ठीकच होता.

काम करताना आधी त्यांनी पॉइंटचा (डेल्कोतला उघडला की ठिणगी पाडणारा स्विच) गॅप फीलर गेजच्या पातळ पट्टीने लावला, कारण गॅप बदलला की टायमिंगही बदलतं, उलट्या क्रमाने केलं तर सगळं परत करावं लागतं. मग पुली हाताने फिरवून खूण जुळवली, पॉइंटला छोटा बल्ब लावून डेल्को हळूहळू फिरवत तो पेटतो ती जागा पकडली. गाडी चालू करून टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) मारला तर आयडलला खूण बरोबर, आणि थोडी रेस दिली की खूण भलतीकडेच पळाली. तिथे चोर सापडला. टॅक्सीच्या डेल्कोतल्या स्प्रिंगा सैल झाल्या होत्या, त्यामुळे ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी आधी पाडणं, फार लवकर येत होता. आधीच्याने सैल स्प्रिंग न बघता अख्खं टायमिंग मागे ओढलं, म्हणजे जास्त आरपीएमची खटखट लपवायला कमी आरपीएमचा पिकअप मारला. काकांनी माझ्या जुन्या डेल्कोतल्या स्प्रिंगा (तो मी नशिबाने टाकला नव्हता) ह्यात बसवल्या. टॅक्सीचे पार्ट घेताना जपा असंही म्हणाले, त्या सीएनजीवर चालायच्या, सीएनजीचा ऑक्टेन १२० च्या वर आणि जळायला हळू, त्यामुळे तिथे टायमिंग पुढे ठेवायची सवय, तेच पेट्रोलवर ठेवलं की खटखट ठरलेली.

शेवटी स्वतः शेजारी बसून माटुंग्याच्या पुलावर दोन फेऱ्या मारायला लावल्या. तिसऱ्या गिअरला दाबलं की अगदी हलका टिकटिक आवाज येऊन लगेच विरला पाहिजे, त्यापेक्षा जास्त ऐकू आला तर केसभर मागे. दोनदा उतरून केसभर फिरवला. दीड तासाचं काम, नवीन पॉइंट आणि कंडेन्सर धरून १,८०० रुपये. पेट्रोलचा जुना रबरी पाइपही बदलला, २० टक्के एथेनॉलने तो फुगला होता, त्याचे वेगळे २५०. एथेनॉलने ऑक्टेन वाढतो हे खरं पण जुन्या रबराला ते मानवत नाही, तेव्हा आपापले पाइप एकदा दाबून बघा.

आता दोन महिने झाले, साधंच पेट्रोल, मायलेज परत बारावर, परवा चौघं बसून खंडाळ्याचा घाट चढलो, काटा मधेच होता आणि आई मागे झोपली होती.

तक्रार एकच, दिवसाला दोनच गाड्या घेतात आणि मधे कोणी टॅक्सीच्या दिवसांतला ओळखीचा आला की गप्पांत अर्धा तास जातो. ट्यूनिंगला जायचं असेल तर सकाळी आठच्या आत जा नाहीतर संध्याकाळी सहानंतर, भर उन्हात पुलीवरची खूण लाइटखाली नीट दिसत नाही म्हणून दुपारी ते टायमिंगला हातच लावत नाहीत.