पडद्यावरचं सिल्क, पार्सलमधलं पॉलिस्टर

टीव्हीवर 'सिल्की सॅटिन टॉप' बघून मागवलेला कपडा घरी येतो आणि हातात घेतल्याबरोबर शंका येते. निसरडा, हलका, अंगावरून काढताना चटचट करणारा. आतल्या लेबलवर लिहिलेलं असतं, १०० टक्के पॉलिस्टर. ग्राहक चिडून फोन करतो. पलीकडून शांतपणे विचारलं जातं, 'आम्ही सिल्क कुठे म्हटलं होतं?' खरंच म्हटलेलं नसतं. सॅटिन हे विणीचं नाव आहे. ती वीण रेशमाची असते तशी पॉलिस्टरचीही असते. 'सिल्की' म्हणजे रेशमासारखं दिसणारं. निवेदक तोच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारत राहतो आणि बघणाऱ्याच्या कानात उरतं ते 'सिल्क'. कपड्यांच्या बाबतीत बरीचशी फसवणूक अशी एकही शब्द खोटा न बोलता होते. म्हणूनच नंतर भांडायला हातात काही राहत नाही.

१९७७ साली फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटरमध्ये एका जाहिरातदाराने रेडिओ केंद्राचे थकलेले पैसे ११२ विजेचे कॅन ओपनर देऊन फेडले. केंद्राने ते थेट कार्यक्रमात विकून टाकले आणि त्याच कल्पनेतून १९८२ मध्ये केबलवरचं होम शॉपिंग सुरू झालं. कॅन ओपनर नुसत्या वर्णनावर विकला तरी चालतं, कारण तो डबा उघडतो किंवा उघडत नाही. कपड्याची निम्मी पारख मात्र बोटांनी होते, आणि पडद्यावर नेमकी तीच होत नाही.

तेव्हा आधी शब्द नीट ऐका. 'आर्ट सिल्क' म्हणजे कृत्रिम रेशीम. 'बांबूचं कापड' बहुतेक वेळा व्हिस्कोस असतं, बांबूच्या लगद्यापासून रसायनांनी बनवलेलं. 'व्हेगन लेदर' म्हणजे बहुधा कापडावर चढवलेला पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा थर. हवेतल्या ओलाव्याने तो काही वर्षांत सुटू लागतो, आधी कोपरावर आणि कॉलरच्या घडीवर. 'कॉटन ब्लेंड'मध्ये कॉटन किती, हे आकड्यात सांगितलं नसेल तर ते कमीच आहे असं धरून चाला. फोनवर एकच प्रश्न विचारा: 'शिवलेल्या लेबलवर धाग्यांची टक्केवारी काय लिहिली आहे, ती वाचून दाखवा.' उत्तर 'प्रीमियम क्वालिटी' असं आलं तर फोन ठेवा.

मग मॉडेलकडे बघा, त्यातही तिच्या पाठीकडे. पुढून कंबरेत नेमकं बसलेलं जॅकेट मागून चिमट्यांनी ओढून धरलेलं असू शकतं. चित्रीकरणाच्या कामात ही नेहमीची पद्धत आहे. मॉडेल चालते, पूर्ण गिरकी घेते, हात वर करते तेव्हाच कट कळतो. हात वर करताना सगळं जॅकेट वर चढलं तर मुंढा, म्हणजे बाही जोडायचं भोक, फार खाली कापला आहे, आणि तो घरी दुरुस्त होत नाही. कॅमेरा सतत पुढूनच राहिला तर पाठ न दाखवण्याला कारण असतं. रंगासाठी निवेदकाचे हात बघा. कातडी नारिंगी दिसत असेल तर कपड्यातला लालही तितकाच चढलेला आहे. आपल्या टीव्हीचा रंग भडक दाखवणारा 'व्हिव्हिड' मोड बंद करून पुन्हा बघा. गडद निळा आणि काळा यांच्यातला फरक मात्र पडद्यावरून ओळखायच्या फंदात पडू नका.

मापाच्या बाबतीत 'एम' आणि 'एल' विसरा, सेंटिमीटर मागा. सांगितलेलं माप अंगाचं की कपड्याचं, हे आधी विचारा, कारण गोंधळ इथेच होतो. न ताणणाऱ्या कापडाचा कपडा छातीत अंगापेक्षा किमान ५ ते १० सेंटिमीटर मोठा हवा. आपल्याला नीट बसणारा एक कपडा सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. फोनवर हाच आकडा पडताळून घ्यायचा.

'या हंगामाचा ट्रेंड' हे वाक्य तर मनावरच घेऊ नका. मोठ्या संख्येने, सगळ्या मापांत लागणारा माल कित्येक महिने आधी ठरलेला असतो. कधी तो दुसऱ्याच कुणाचा उरलेला साठाही निघतो. पार्सलमधल्या कपड्याची मानेमागची शिवण नखाने उलटून बघा. लेबलच्या कडेला कापलेल्या जुन्या लेबलचे तुकडे, किंवा सुईची रिकामी भोकं दिसली तर लेबल बदललं आहे. पडद्यावरचं उलटं धावणारं घड्याळ आणि 'इतकेच उरले' हा आकडा बघणाऱ्याला पडताळता येत नाही, त्यामुळे त्यावरून निर्णय घेणं म्हणजे विकणाऱ्याच्या हातात दोरी देणं.

पार्सल आल्यानंतरचा पहिला अर्धा तास सगळ्यात मोलाचा. खोका फोडण्याआधी मोबाइलवर चित्रीकरण सुरू करा आणि पत्त्याची चिठ्ठी, सील, कपडा, लेबल हे सगळं एकाच सलग व्हिडिओत येऊ द्या. टॅग तोडू नका, धुऊ नका, परफ्यूम किंवा मेकअप लावून घालून बघू नका. कपडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. मध्यम मापाच्या साध्या टी-शर्टला साधारण एक चौरस मीटर कापड लागतं. वजन १३० ग्रॅमच्या आसपास भरलं तर कापड पातळ आहे. 'भरदार' म्हणायला १८० च्या पुढे हवं.

मग शिवणी. बाजूची शिवण दोन्हीकडून ताणा. मधून दोरे उघडे पडले तर टाके सैल आहेत. न ताणणाऱ्या कापडात एका इंचात १० ते १२ टाके ठीक, ६-७ असतील तर जोर पडतो तिथे शिवण उसवणार. आत माया, म्हणजे शिवणीच्या पलीकडे राखलेली कापडाची पट्टी, किती ठेवली आहे ते बघा. एक ते दीड सेंटिमीटर असेल तर कपडा थोडा सैल करता येतो. अर्धाच सेंटिमीटर असेल तर कापड वाचवलेलं आहे, आणि विणीतून धागे सरकले की शिवणच बाहेर येते. रंग बघायला पांढरं ओलं फडकं आतल्या मायेवर दहा वेळा घासा. फडकं रंगलं तर पहिल्याच धुण्यात बादली रंगणार.

लेबलवर विश्वास बसत नसेल तर धागा जाळून बघता येतो, पण इथे एक चूक हमखास होते. लोक शिवणीचा दोरा ओढून काढतात आणि तो कपडा कुठलाही असला तरी बहुतेक वेळा पॉलिस्टरचाच असतो. मायेच्या कापलेल्या कडेतून खुद्द कापडाचे दोन-तीन धागे काढा. चिमट्यात धरून, खाली धातूची ताटली ठेवून, खिडकीपाशी पेटवा. रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. कॉटन आणि व्हिस्कोसला कागदाचा वास, राख मऊ करडी. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक गुठळी राहते. दोन्ही लक्षणं दिसली तर मिश्रण आहे. टी-शर्ट, स्वेटरसारख्या निटिंगच्या कपड्यावर हे करू नका, एक धागा ओढला की फासे सुटतात आणि परत करायचा मार्ग बंद होतो.

परत करताना मुदत कुठल्या दिवसापासून मोजतात ते बघा. काही ठिकाणी ती माल निघाल्याच्या तारखेपासून चालू होते आणि पार्सल पोहोचेपर्यंत निम्मी संपलेली असते. जाण्या-येण्याचा खर्च कापून उरलेली रक्कम रोख मिळणार की पुढच्या खरेदीचं क्रेडिट म्हणून, हे लेखी विचारा. हप्त्यांवर घेतलं असेल तर जास्त सावध राहा. माल परत पोहोचल्याची नोंद व्हायच्या आत पुढचा हप्ता कापला जातो. परतीच्या पार्सलचा क्रमांक आणि पावती हातात नसेल तर तो सोडवायला महिने जातात. विक्रेता दाद देत नसेल तर व्हिडिओ आणि लेबलचे फोटो जोडून कार्डाच्या बँकेकडे 'वस्तू वर्णनाप्रमाणे नाही' या कारणाखाली वाद नोंदवा. त्यालाही मुदत असते, म्हणून विक्रेत्याच्या पुढच्या फोनची वाट बघत बसू नका.

आणि याच काळात एखादा अनोळखी फोन येऊ शकतो. समोरच्याला तुमची ऑर्डर, रंग, माप सगळं ठाऊक असतं. 'तुमचा परतावा अडकला आहे, मोबाइलवर आलेला आकडा सांगा.' परतावा द्यायला कुणालाही ओटीपी लागत नाही. फोन तिथेच कापा आणि बिलावर छापलेल्या नंबरावर स्वतः फोन करून विचारा.