चुंबक चिकटत नाही म्हणून घेतलेला साबणाचा साचा

साबणाचा पहिला घाणा बिघडला तेव्हा मी स्वतःला दोष दिला. दुसरा बिघडला तेव्हाही मलाच. दोष साच्यात असेल ही शंका मला आली नाही, कारण साचा घेण्याआधी मी तो माझ्या मते तपासून घेतला होता. त्या तपासण्याचीच ही गोष्ट आहे.

कोल्ड प्रोसेस साबण म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी एकत्र घोटून साच्यात ओतायचं, एकदोन दिवसांनी वड्या कापायच्या आणि चार ते सहा आठवडे वाळवायच्या. व्हिडिओ बघून करता आलं असतं, पण कॉस्टिकची भीती वाटत होती, म्हणून रविवारचा दोन तासांचा ऑनलाइन वर्ग लावला. वर्ग आणि सोबत ‘बिगिनर किट’ मिळून 3,499 रुपये. पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यावर गेले. पावती मागितली तर ‘ग्रुपवर स्क्रीनशॉट टाका ताई, तीच पावती’ असं उत्तर आलं. मी टाकला.

वर्ग घेणाऱ्या मॅडम बोलायला गोड आणि विषयातल्या जाणकार. साच्यांबद्दल त्या अर्धा तास बोलल्या आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द खरा होता. सिलिकॉनचा लांबट साचा भरल्यावर पोटात फुगतो, वड्या कडेला अरुंद आणि मधे रुंद येतात. खरं आहे. लाकडी पेटीला दर वेळी कागद लावत बसावं लागतं. तेही खरं. पातळ प्लास्टिकचे चॉकलेटचे साचे साबणाच्या उष्णतेने वाकतात. अगदी खरं. म्हणून, मॅडम म्हणाल्या, आयुष्यभर टिकणारा एकच साचा, स्टेनलेस स्टीलचा. किटमध्ये तोच आहे, नुसता तेलाचा हात लावा आणि ओता.

इतकी खरी वाक्यं ओळीने ऐकली की शेवटच्या वाक्यावरही मान डोलते.

तरी मी भांड्यांच्या बाबतीत स्वतःला हुशार समजते. विचारलं, स्टील कुठलं? ‘304, फूड ग्रेड,’ असा मेसेज आला. मी म्हटलं, चुंबक लावून दाखवा. भांड्याच्या दुकानात आपण सगळेच करतो, चुंबक चिकटलं तर हलकं स्टील, नाही चिकटलं तर चांगलं. दोन मिनिटांत व्हिडिओ आला. चकचकीत लांबट डबा, त्यावर काळं चुंबक टेकवलं, सोडलं, टपकन खाली पडलं. वर लिहिलं होतं, ‘तुमच्यासारखे चोखंदळ लोक आवडतात.’ कुरिअर आल्यावर मी फ्रिजवरचं चुंबक काढून स्वतःही लावून बघितलं. पडलं. मग काय, छाती फुगली.

पहिल्या घाण्याला 700 ग्रॅम तेल घेतलं. 420 ग्रॅम पोमेस ऑलिव्ह, 210 ग्रॅम घाण्याचं खोबरेल, 70 ग्रॅम एरंडेल. पाच टक्के सुपरफॅट, म्हणजे साबण न होता उरणारं तेल, धरून कॉस्टिक 99 ग्रॅम, पाणी 200. हिशेब मी स्वतः तीनदा केला. चष्मा, हातमोजे, खिडक्या उघड्या, कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर नाही, सगळं शिस्तीत. घोटताना मिश्रण कस्टर्डसारखं दाटलं, म्हणजे ट्रेस आला, तेव्हा मला इतका आनंद झाला की घरातल्या सगळ्यांना हाक मारून दाखवलं.

साच्यात ओतलं आणि थोड्या वेळाने सर्रर्र असा बारीक आवाज यायला लागला. कडेकडेने बुडबुडे. साचा बाहेरून हात लावता येणार नाही इतका तापला. मला वाटलं, हीच ती जेल फेज, साबण आतून गरम होऊन अर्धपारदर्शक होतो असं वर्गात सांगितलं होतं. पण मिश्रण वर चढत होतं, आणि कडेने पांढऱ्याचं राखाडी होत होतं. दुसऱ्या दिवशी साबण निघेना. सुरीने खरवडून काढला तर आत ढोकळ्यासारखी जाळी, बुडाला काळपट चिखल आणि त्यावर न मुरलेल्या तेलाचा थर. तेलच सातआठशे रुपयांचं होतं.

फोटो ग्रुपवर टाकले. मॅडमनी मला वैयक्तिक मेसेज केला, ‘ग्रुपवर नका टाकू ताई, बाकीच्या घाबरतात. तुमचं वजन चुकलंय. तेल वर आलंय म्हणजे लाय, म्हणजे कॉस्टिक, कमी पडलाय. किचनचे काटे भरवशाचे नसतात, माझ्याकडे 650 रुपयांचा अचूक काटा आहे. आणि पुढच्या वेळी लाय पाच ग्रॅम वाढवा.’

काटा घेतला. लायही वाढवला, 104 ग्रॅम. आज हिशेब मांडला की अंगावर काटा येतो, कारण त्या तेलांना पूर्ण साबण व्हायला 104 ग्रॅमच लागतो, म्हणजे सुपरफॅट शून्य. त्वचेसाठी ठेवलेलं सुटीचं तेल त्यात उरलंच नसतं. प्रत्यक्षात मात्र दुसऱ्यांदा आणखी जोरात फसफसलं. वर ओट्यावर शेजारच्या शेगडीला चहाचं आधण ठेवलेलं होतं. त्या बुडबुड्यांत काय होतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं, नाहीतर शेगडीच्या जवळ गेले नसते.

फसवणुकीतला हा भाग मला सगळ्यात लागला. पोळी करपली तर आपल्याला कळतं की तवा जास्त तापला, कारण हजार पोळ्या केलेल्या असतात. साबण पहिल्यांदाच करणाऱ्याला बिघडलेला साबण नेमका कशाने बिघडला हे कळायला आधार कुठला? विकणारी व्यक्ती म्हणेल ते कारण. ती म्हणाली काटा, मी काटा बदलला. तिसऱ्या वेळी ती ब्लेंडर म्हणाली असती.

दुसऱ्या घाण्याची घाण धुवायला साचा मोरीत पडला होता. सासूबाईंनी तो उचलला, उलटा केला, आणि म्हणाल्या, ‘अगं, हे जर्मनचं भांडं सोड्यात कशाला घातलंस? खाल्लं की त्याला.’

जर्मन म्हणजे ॲल्युमिनिअम. आमच्या घरात जुनी माणसं जर्मनची पातेली असंच म्हणतात. मी म्हटलं, आई, स्टील आहे ते, चुंबक चिकटत नाही. त्या म्हणाल्या, ‘जर्मनला तरी कुठे चिकटतं?’

मी तशीच उभी. चुंबक पितळेला चिकटत नाही, तांब्याला नाही, ॲल्युमिनिअमला नाही. माझ्या परीक्षेने एवढंच सिद्ध झालं होतं की साचा साध्या लोखंडाचा नाही. बरं, स्टीलमध्येसुद्धा 304 ला जसं चुंबक चिकटत नाही तसंच स्वस्त 202 ला चिकटत नाही, त्यामुळे दुकानातही आपण मिरवतो ती परीक्षा अर्धीच. मॅडमना हे माहीत होतं की नाही, कोण जाणे. पण मी मागितलेला पुरावा त्यांनी इतक्या चटकन दिला, म्हणजे तो मागणारी मी पहिली नसणार.

सासूबाईंनी कशावरून ओळखलं? वजनावरून. हातात धरल्या धरल्या. मग मी त्या 650 रुपयांच्या काट्याचं सार्थक केलं. साचा आतून 24 सेंटिमीटर लांब, 8 रुंद, 7 उंच, पत्रा सव्वा मिलिमीटरच्या आसपास. काट्यावर भरला 208 ग्रॅम. स्टील ॲल्युमिनिअमच्या जवळजवळ तिप्पट जड असतं, म्हणजे एवढ्याच पत्र्याचा स्टीलचा डबा सहाशे ग्रॅमच्या खाली येऊच शकत नाही. वजन दोन सेकंदांत कळलं असतं, आणि मी चुंबकाचा व्हिडिओ मागवत बसले होते.

पुतणी दहावीला आहे. तिने धातुविज्ञानाचा धडा उघडून दाखवला. बॉक्साइटमधून ॲल्युमिना काढताना ते कॉस्टिक सोड्यातच विरघळवतात. ‘काकू, ॲल्युमिनिअमचा ऑक्साइड उभयधर्मी, आम्लातही जातो आणि अल्कलीतही. वरचा थर गेला की आतला धातू पण जातो, आणि हायड्रोजन सुटतो.’ हायड्रोजन. चहाच्या आधणाशेजारी. साच्यात सुटतो तो थोडाच, पण तो पेट घेणारा वायू आहे हे लहान मुलालाही माहीत असतं. आणि वर आलेल्या तेलाचं कोडंही सुटलं. कॉस्टिक साचा खाण्यात खर्ची पडलं, तेलाच्या वाट्याला कमी आलं. मॅडमचं ‘लाय कमी पडलाय’ हे निदान तसं बरोबर होतं, फक्त तो कुठे गेला हे त्यांनी सांगितलं नाही.

कॉस्टिकला चालणारी भांडी कुठली हे मी मग मुळापासून शिकले. ॲल्युमिनिअम नको, कथिल लावलेला पत्रा नको, जस्ताचा मुलामा असलेलं गॅल्व्हनाइज्ड काही नको. काचेच्या डब्याला कॉस्टिक हळूहळू झिजवतं, शिवाय साबण त्यातून सुटत नाही. आतून नॉनस्टिकचा काळा लेप असलेल्या केकच्या भांड्यांपासूनही लांब राहा, ती बहुधा ॲल्युमिनिअमची असतात आणि ओरखडा पडला की तोच प्रकार.

त्या आठवड्यात केकच्या सामानाच्या दुकानात गेले. तिथे फळीवर माझाच साचा. ब्रेड लोफ टिन, ॲल्युमिनिअम, 180 रुपये. मी दुकानदाराला विचारलं, ह्यात साबण होईल का? तो हसला, ‘ताई, केक करा की.’

मॅडमना वजनाचा फोटो पाठवला. आधी ‘हलक्या गेजचं स्टील’, मग ‘सप्लायरने फसवलं’, मग ‘तुम्ही कागद लावायला हवा होता’, आणि मग मी ग्रुपमधून बाहेर. नशिबाने ‘304, फूड ग्रेड’ हा त्यांचा मेसेज माझ्या फोनमध्ये होता. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तिथल्या मुलीने पहिला प्रश्न बिलाचा विचारला. बिल नाही म्हटल्यावर मला वाटलं संपलं, पण बिल न देणं हीच 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापार प्रथा आहे. याच कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे जाता येतं, विकणारा कुठल्याही गावचा असो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही. आयोगापर्यंत जायची वेळ आली नाही. तक्रार क्रमांक पाठवल्यावर तिसऱ्या दिवशी 1,200 रुपये परत आले, ‘साच्याचे’ म्हणून. बाकीचे अजून येताहेत.

आता साबण कशात करते? श्रीखंडाच्या डब्यात. हसू नका. डब्याच्या बुडाशी त्रिकोणात 5 आकडा आहे का बघायचं, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ते कॉस्टिकला दाद देत नाही आणि साबणाच्या उष्णतेने वितळत नाही. बाजू जरा फुगतात, म्हणून दोन पुस्तकांच्या मधे ठेवते. साबण काढायला डबा तासभर फ्रीजरमध्ये टाकला की सुटतो. फळांच्या रसाचं एक लिटरचं खोकंही चालतं, पण त्याच्या थरांत ॲल्युमिनिअमचा पातळ पत्रा असतो, वरचं प्लास्टिकचं अस्तर सुरीने खरचटलं तर पुन्हा आमची राखाडी कथा. माझा विश्वास उडालाय, मी वापरत नाही.

पुढे सिलिकॉनचा साचाही घेतला. मॅडम म्हणाल्या तसा तो फुगतो, पण सुताराकडून 150 रुपयांत फळ्यांची चौकट करून घेतली आणि प्रश्न मिटला. तो घेताना चिमटीत धरून पिळला. पिळल्यावर पांढरी रेघ उमटली तर भेसळ जास्त. घरी आल्यावर काठाची नखाएवढी चकती कापून चिमट्यात धरून जाळली. पांढरी राख राहिली. प्लास्टिक किंवा नकली रबर असतं तर काळा धूर निघून थेंब गळले असते. आणि किती मावतं हे जाहिरातीत वाचायचं नाही. साचा काट्यावर ठेवून पाणी भरायचं, जितके ग्रॅम तितके मिलिलिटर, त्याच्या सात दशांशाहून जरा कमी तेल घ्यायचं. माझ्या ‘1200 मिलिच्या’ साच्यात 1060 मावलं. तो विकणाराही काही संत नाही.

लाकडी पेटीला लावायचा कागद बेकिंगचा, सिलिकॉनचा लेप असलेला घ्या. वाण्याकडचा साधा बटर पेपर ओला होऊन साबणातच राहतो, हे मात्र मला कुणी फसवलं नाही, माझ्याच चिक्कूपणाने कळलं.

परवा एक अनोळखी मेसेज आला. त्या ग्रुपमधली मुलगी, जुन्या यादीतून माझा नंबर काढलेला. राखाडी, जाळीदार साबणाचा फोटो, आणि खाली लिहिलेलं, ‘ताई, तुम्ही काटा घेतला होतात ना मॅडमकडून? त्या म्हणतात माझा काटा चुकतोय. 650 जास्त वाटतात, पण घेऊ का?’

मी लिहिलं, घरात आहे त्याच काट्यावर आधी साचा ठेव आणि आकडा सांग.

दोन मिनिटांनी उत्तर आलं. 211.